दुसऱ्याच्या उन्हातलं घर

म्हातारपण काढायला वर्ध्याला कोण येतं, असं नागपूरचे लोक हसत हसत विचारतात. प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, जिल्ह्यात दारूबंदी, आणि संध्याकाळी कुठे जायचं म्हटलं तर गीताई मंदिर नाहीतर सेवाग्राम. तरी माणसं येतात. माझ्या आतेभावाचा न्यू जर्सीहून दर रविवारी फोन येतो, आणि ‘ऊन किती आहे’ हे विचारून झालं की त्याची गाडी घरावर येते. पुढच्या वर्षी तो नोकरीतून निवृत्त होणार. वहिनींना बर्फाचा कंटाळा आलाय, त्याला सेवाग्रामच्या वाटेवर दोन एकर रान हवंय आणि त्यात मातीचं घर.

“तू तिथेच आहेस, तूच पाहून ठेव ना,” तो म्हणतो. जसं काही मी बाजारातून पालक निवडून ठेवणार आहे.

जगभर हा आता मोठा धंदा आहे. थंड देशातली निवृत्त माणसं ऊन शोधत निघतात, आणि ऊन असलेले देश त्यांच्यासाठी दार किती उघडायचं याचा हिशेब करून बसलेले असतात. थायलंडमध्ये पन्नाशी उलटलेल्यांना निवृत्तीचा व्हिसा मिळतो. त्यासाठी बँकेत आठ लाख बाट दाखवावे लागतात, नाहीतर महिन्याला पासष्ट हजारांची आवक. जमीन मात्र त्यांच्या नावावर होत नाही. इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच फ्लॅट परदेशी माणसांना घेता येतात, आणि ज्याला बंगला हवा तो बहुधा तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर राहतो. सत्तराव्या वर्षी तीस वर्षांचा करार करताना माणूस मनात काय मोजत असेल, कोण जाणे. मलेशियानं तर २००२ पासून ‘माय सेकंड होम’ नावाची योजनाच चालवली.

आपल्याकडे निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही. भारताशी रक्ताचं नातं नसलेल्या आणि बाहेर राहणाऱ्या परदेशी माणसाला इथे घर विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंत भाड्यानं घेता येतं. माझ्या भावाकडे अमेरिकेचं नागरिकत्व आणि ओसीआय कार्ड आहे, त्यामुळे फ्लॅट, बंगला किंवा ले-आउटमधला एनए प्लॉट त्याला खुशाल घेता येईल. अडतं ते नेमकं त्याच्या स्वप्नापाशी. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस त्याला विकत घेता येत नाही. वारशानं मिळालं असतं तर ठेवता आलं असतं. पण सेलू तालुक्यातला आत्याचा तुकडा त्याच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी विकला गेला. ज्या शिक्षणानं त्याला तिकडे पोचवलं, त्यानंच इकडची वाट बंद केली. हे मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तो धुऱ्यावरचा मोह आहे का गं अजून?”

मोह आहे. पण विषय घराचा चालला आहे.

उतारवयात परक्या उन्हात घर कसं बांधावं, याचं सगळ्यात जवळचं आणि नीट नोंदवलेलं उदाहरण माझ्या घरापासून दहा-बारा मिनिटांवर आहे. लोक ते पाहायला जातात तेव्हा त्यांना इतिहास दिसतो, आणि मला हल्ली त्यात वास्तुशांतीनंतरच्या कटकटी दिसतात. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याहून चालत सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, आले तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. काँग्रेसमधून १९३४ मध्येच बाहेर पडलेले. स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचं नाही असं १९३० मध्ये ठरवून निघालेले, म्हणजे स्वतःचं म्हणावं असं घर नाही. गावाची भाषा मराठी, ती त्यांची नव्हे. आणि दिवस एप्रिलअखेरचे. ज्या दिवसांत वर्ध्याचा माणूस गल्लीतल्या गल्लीत सामान हलवत नाही, त्या दिवसांत त्यांनी बिऱ्हाड हलवलं.

बेत एकट्यानं राहायचा होता. खेड्यात जावं, तिथल्यासारखं राहावं, मागे लटांबर नको. जमनालाल बजाजांची त्या गावात जमीन होती, तेव्हा जागेचा प्रश्न नव्हता. घराबद्दलच्या सूचना थोड्या होत्या. सामान आसपासचं असावं, हात गावातले असावेत आणि खर्च बेताचा. त्या सूचनांतून जे उभं राहिलं ते आदी निवास. एक लांबलचक खोली, आणि एकट्यानं राहायचं ठरवलेला माणूस तिच्या एका कोपऱ्यात. दुसऱ्या कोपऱ्यात कस्तुरबा, उरलेल्या जागेत जो येईल तो. त्या वर्षी सरकारनं स्वतःच्या प्रांतात जायला बंदी केलेले सरहद्द गांधीही काही काळ इथे होते. सहा फुटांहून उंच पठाण त्या खोलीत पाय कसे पसरत असेल, हे मला तिथे गेलं की हटकून आठवतं.

मला या गोष्टीत गांधीजींपेक्षा मीराबेन जास्त जवळच्या वाटतात. त्या खऱ्या अर्थानं परदेशातून आलेल्या. मॅडलिन स्लेड, ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरलची मुलगी. रोमाँ रोलाँकडून गांधी हे नाव ऐकलं, जहाजाचं तिकीट काढलं, आणि मग थांबल्या. आधी अंगाला सवय लावून घेऊ, असं ठरवलं. युरोपातच वर्षभर मांस सोडलं, जमिनीवर झोपल्या, मांडी घालून बसायला शिकल्या, सूत कातलं. नोव्हेंबर १९२५ मध्ये आल्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यांनी हा देश आधीच थोडाबहुत पाहिला होता. निवृत्तीनंतर देश बदलणाऱ्यांसाठी आज सल्लागार पैसे घेऊन जे सांगतात त्यात मला याहून शहाणं काही आढळलेलं नाही. मात्र मीराबेन तेव्हा ३२ वर्षांच्या होत्या. साठीनंतर मांडी शिकवणं ही वेगळीच गोष्ट.

आज ज्याला आपण बापू कुटी म्हणतो ती आधी मीराबेननं स्वतःसाठी बांधली होती. बांबूचा सांगाडा, कुडाच्या भिंती, वर मातीचा गिलावा, छपराला कवेलू. भिंतीवर तिनं मातीतच ताडाची झाडं उठवली, चरखा काढला. (हे ‘तिनं’ असं एकेरीत लिहून गेले. कारागिराबद्दल आपण असंच बोलतो, राहू दे.) मग आदी निवासातली गर्दी सोसवेना म्हणून गांधीजी त्या झोपडीत आले, आणि घर बदलायला लागलं. ओसरी वाढली. न्हाणीघर जोडलं, कारण रक्तदाबासाठी रोज मालिश होई. आजाऱ्यांसाठी खोली काढली. इवान इलिच हा विचारवंत जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्रामला परिषदेसाठी आला होता. तो त्या कुटीत जाऊन बसला आणि त्यानं आत सात प्रकारच्या जागा मोजल्या. त्याचं भाषण पुढे जगभर फिरलं. साधेपणाचा संदेश वगैरे त्यात होतंच. मला मात्र त्या सात जागा महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या नकाशात एकदम आखलेल्या नव्हत्या. कुणाला ताप आला, कुणी पाहुणा उतरला, कुणाला वारा हवा झाला, तसतशी कुडाची भिंत सरकत गेली.

म्हाताऱ्या माणसाच्या घराला हेच यायला हवं. साठाव्या वर्षी जिन्यावरची खोली आवडते, सत्तराव्या वर्षी जिना नको होतो. पंच्याहत्तरीत न्हाणीच्या दारातून वॉकर जायला हवा, आणि त्यानंतर कधीतरी रात्री सोबत झोपणाऱ्या बाईसाठी एक पलंग मावायला हवा. निवृत्तांसाठी जे विकायला आहे ते बहुतेक तयार, पुरं झालेलं, हात लावू नका असं सांगणारं असतं. पुण्यात परांजपे स्कीम्सनं ‘अथश्री’ नावानं ज्येष्ठांच्या वसाहती उभ्या केल्या. तिथे आधाराचे दांडे, घंटा, खानावळ सगळं आधीच विचारात घेतलेलं असतं, आणि ज्यांची मुलं बाहेर आहेत अशांना ते बरं पडतं. माझ्या एका मैत्रिणीचे आई-वडील अशाच एका वसाहतीत सुखात आहेत. पण भावाला तसलं नको. त्याला माती पाहिजे.

तर माती. मातीच्या घरावर प्रेम करणारे बहुतेक लोक स्लॅबच्या घरात राहतात, मीही त्यातलीच. कुटी सुंदर आहे, कारण तिच्यामागे आश्रम आहे. दर थोड्या दिवसांनी सारवायला लागतं. कुडात वाळवी शिरते. पावसाळ्याआधी कवेलू फेरायला लागतात आणि फेरणारे हात गावागणिक कमी होत चालले. जे फेरलेत ते माकडं फोडतात. आमच्या जिल्ह्यात कवेलूंची घरं टिनाची झाली त्याचं निम्मं श्रेय माकडांना द्यायला हरकत नाही. साप, विंचू तर सेवाग्रामच्या पहिल्या दिवसांपासून सोबतीला. साप मारायचा नाही म्हणून तो पकडायचा लाकडी चिमटा आणि ठेवायचा पिंजरा अजून तिथे पाहायला मिळतो. आणि डास. त्या पहिल्याच वर्षी, १९३६ च्या सप्टेंबरात, गांधीजींना मलेरिया झाला आणि वर्ध्याच्या इस्पितळात न्यावं लागलं. पाठोपाठ मीराबेनला टायफॉइड.

दवाखाना जवळ असावा हे शहाणपण त्या गावालाही नंतरच आलं. सुशीला नायर यांनी सुरू केलेलं कस्तुरबा रुग्णालय १९४५ चं, आणि त्याचं मेडिकल कॉलेज झालं ते १९६९ मध्ये. आज वर्ध्याच्या एका अंगाला सेवाग्राम आणि दुसऱ्या अंगाला सावंगी अशी दोन मोठी इस्पितळं आहेत. एवढ्याशा गावाच्या मानानं ही चैनच आहे. भावाला मी पहिल्यांदा हेच सांगितलं. त्यानं विचारलं, पार्किंग कसं आहे.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. कापसाला जी माती आवडते ती घराला आवडत नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरची भिंतही तशीच तडकते. खाली मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा, नाहीतर दरवर्षी पोपडे मोजायचे. जुनी गावं उगाच पांढरीवर वसलेली नाहीत. आता ले-आउट पडतात ते सरसकट काळ्या रानात. आमच्याकडे काम करणारे मिस्त्री बोलायला फटकळ. “पाया पैशे खाते मॅडम, दिसत त नाही ना कोनाले. मंग लोक वरतं टाईल लावतेत.” घर पाहायला येणारा वरचीच टाईल पाहतो, हे खरं.

तिसरी उन्हाची. आमचं ऊन कोरडं. गोव्याच्या किंवा थायलंडच्या दमट उन्हात जे घर चालतं, चारी बाजूंनी उघडं, वारा आरपार, ते इथे मे महिन्यात भट्टी होईल. इथे दुपारी घर बंद करायचं असतं. भिंत जाड हवी, खिडकी छोटी हवी, दक्षिण-पश्चिमेला सपरी हवी म्हणजे भिंतीवर ऊनच पडत नाही. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर कोरड्या हवेत झकास चालतात, पण कूलरला पाणी लागतं, आणि पाण्याची ओरड नेमकी तेव्हाच असते. रात्री मात्र सगळं उघडायचं, पूर्वी अंगणात बाजा टाकून झोपायचे. अमेरिकन घर चोवीस तास एकाच तपमानावर ठेवायची सवय झालेल्या माणसाला ही दारं-खिडक्यांची रोजची कवायत शिकवावी लागेल. वहिनी म्हणाल्या, “एसी लावू.” लावतीलच. सगळेच लावतात. पण गच्चीवर तापलेल्या स्लॅबखाली एसीचं बिल काय येतं ते मी कळवलं आहे.

यातून वाट काढणारी माणसं होऊन गेली, आणि वर्ध्यातच झाली. ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं कुंभाराच्या चाकावर शंकूच्या आकाराची कवेलू काढली. एकात एक घालत नेलं की त्यांची कमान होते, आणि अशा कमानी शेजारी शेजारी मांडल्या की छप्पर. लाकूड नको, लोखंड नको, आत पोकळी असल्यामुळे ऊन खाली उतरत नाही, आणि वरून लिंपल्यामुळे माकडाला उचकटायला काही सापडत नाही. कुंभाराला काम मिळतं ते वेगळंच. मला हे तंत्र कुटीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. तरी ते घरोघरी पोचलं नाही. कर्ज द्यायला बँक स्लॅब पाहते आणि सोयरीक करायला आलेले पाहुणेही स्लॅबच पाहतात.

बर्मिंगहॅमचा आर्किटेक्ट लॉरी बेकर १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांची इस्पितळं बांधायला म्हणून भारतात आला. गांधीजींनी त्याला सांगितलं होतं, की घराचं सामान घरापासून पाच मैलांच्या आतलं असावं. ते त्यानं आयुष्यभर पाळायचा प्रयत्न केला. पन्नाशी उलटल्यावर तो तिरुअनंतपुरमला स्थायिक झाला. तिथे खडकाळ उतारावर त्यानं स्वतःचं ‘हॅम्लेट’ बांधलं, आणि २००७ मध्ये जाईपर्यंत त्यात भर घालत राहिला. मोडक्या घरांच्या चौकटी, फुटक्या फरश्या, जे हाती लागेल ते. आर्किटेक्टचं घर पुरं झालेलं नाही, हे पाहून गिऱ्हाइकाला काय वाटत असेल? पण तो तिथेच म्हातारा झाला, आणि घर त्याच्यासोबत.

सगळे इतके रुजत नाहीत. पोलंडचा इंजिनीअर मॉरिस फ्रीडमन सेवाग्रामला राहिला, चरख्यावर प्रयोग केले, औंध संस्थानात राज्यघटनेच्या खटाटोपात होता, मराठी शिकला, निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं १९७३ मध्ये इंग्रजीत नेली आणि मुंबईतच गेला. त्याचं घर कसं होतं हे कुणी सांगत नाही. त्याला बहुधा घर लागतच नसावं. मार्जरी साइक्स या इंग्रज बाई १९२८ ला मद्रासला आल्या, पुढे सेवाग्रामला नई तालीममध्ये शिकवलं, साठ वर्षं इथे काढली, आणि अगदी उतारवयात इंग्लंडला परतल्या.

मीराबेनही परतल्या. सेवाग्रामनंतर त्यांनी रुरकीजवळ आश्रम काढला, मग हृषीकेशजवळ पशुलोक, मग भिलंगणेच्या खोऱ्यात, मग काश्मिरात. जातील तिथे स्वतः उभं राहून घर बांधून घ्यायच्या, गायी पाळायच्या, आणि काही वर्षांनी आणखी वर, आणखी थंडीकडे सरकायच्या. नकाशावर त्या जागा जोडल्या तर रेघ वर्ध्याच्या उन्हापासून सरळ उत्तरेला पळताना दिसते. १९५९ मध्ये भारत सोडला आणि पुढे व्हिएन्नाजवळच्या खेड्यात, बेथोव्हनच्या मुलखात, जाऊन राहिल्या. १९८२ मध्ये तिथेच गेल्या. यात कुणी निराशा शोधतात, कुणी गांधींनंतरच्या भारताचा भ्रमनिरास. असेलही. मला एवढंच दिसतं की ६६ व्या वर्षी त्यांनी पुन्हा एकदा देश बदलला. गांधीजी सेगावात आले ते याच वयात, आणि माझा भाऊही आता तिथेच पोचतोय. तेव्हा परतीचं तिकीट काढणं म्हणजे हरणं, असं त्याला वाटू नये म्हणून ही गोष्ट मी त्याला मुद्दाम सांगितली.

गांधीजींचंही सेवाग्रामात शेवटपर्यंत राहणं झालं नाही. खोकल्यामुळे कुटी सोडून ते जमनालालजींनी बांधलेल्या दुसऱ्या घरात हलले, आणि १९४६ च्या ऑगस्टमध्ये तिथूनच बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. त्या घराला आता आखरी निवास म्हणतात. ते आधी पाहुण्यांसाठी वापरात होतं. १९३८ मध्ये लॉर्ड लोदियनही सेगावात मुक्कामाला होते. एकट्या राहू पाहणाऱ्या निवृत्त माणसाचा पसारा असा दहा वर्षांत पाहुणाघर, दफ्तर आणि व्हाइसरॉयशी बोलायच्या टेलिफोनपर्यंत गेला होता.

भावाशी गेल्या रविवारी दोन तास बोलणं झालं. दोन एकर सुटलं, कायद्यानं सुटलंच होतं. एनए प्लॉट घेऊन लगेच बांधायचं असा त्याचा नवा हट्ट होता, तोही थोडा निवळला. आता असं ठरलंय, की दोघं आधी वर्षभर भाड्यानं राहतील. मी म्हटलं, येणार असाल तर मार्चात या, नोव्हेंबरात नको. नोव्हेंबरातलं वर्धा कुणालाही आवडतं. वहिनी तयार झाल्या, तो नाही. रामनगरात एक तळमजला पाहिला आहे, मागे निंब, पुढे सपरी, घरमालकीण वर राहते आणि तिची सून सावंगीला नर्स आहे. न्हाणीचं दार अरुंद आहे. मालकिणीला विचारलं, रुंद करून देता का जी? ती म्हणाली, “तुमचे भाऊ येतीन त मग पाहू ना. आधी येऊ त द्या.”